आमच्या पानाचा वेळ कापायचा असेल तर सांगून कापा : वेबची मानके ठरवणाऱ्यांना पुण्याहून खुले पत्र

प्रति,
वेबची मानके ठरवणाऱ्या कार्यगटांचे सदस्य आणि ब्राउझर घडवणारे अभियंते यांस,

विषय : मागे गेलेल्या (म्हणजे दुसरा टॅब किंवा ॲप उघडल्याने लपलेल्या) पानाचा वेळ, त्याच्या फ्रेम (पडद्यावर एकामागून एक रंगणारी चित्रे) आणि त्याची मेमरी काढून घेण्याच्या नियमांबाबत

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहतो आणि गेली सोळा वर्षे वेबसाइटी लिहिण्याचे काम करतो. आठवड्याचे पाच दिवस माझी नोकरी हिंजवडीत असते. शनिवार-रविवार मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी काम करतो आणि त्याचे पैसे घेत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी अभ्यासिका पाहिली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. इमारतीचा दुसरा मजला, प्लायवूडच्या फळ्या लावून पाडलेले साठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा आणि समोरच्या फळीवर चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा. बीड, लातूर, नांदेड, गडचिरोली अशा जिल्ह्यांतून राज्यसेवेची तयारी करायला आलेली मुले-मुली इथे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे लॅपटॉप आहे. बाकीच्यांकडे फोन आहे, तोही बहुधा मोठ्या भावाने वापरून दिलेला, तीन-चार वर्षे जुना. साठ जणांमध्ये चार्जिंगचे सहा पॉइंट आहेत. कोपऱ्यात चार जुने संगणक आहेत, त्यांवर सराव परीक्षा द्यायची असेल तर वहीत नाव लिहून नंबर लावावा लागतो.

त्या सराव परीक्षेचे पान मी लिहिले आहे. हे पत्र लिहिण्याचा अधिकार म्हणा किंवा कारण म्हणा, मला तिथून मिळाले.

२०२२ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातली एक मुलगी त्या संगणकावर सीसॅटचा, म्हणजे राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि बुद्धिमत्ता चाचणीचा, सराव पेपर सोडवत होती. ८० प्रश्न, १२० मिनिटे. उताऱ्यांची पीडीएफ दुसऱ्या टॅबमध्ये उघडेल अशी सोय मीच केली होती, कारण एकाच पानावर उतारा आणि प्रश्न ठेवले की छोट्या पडद्यावर दोन्ही धड दिसत नाहीत. ती उताऱ्यांच्या टॅबवर गेली, तिने कच्च्या वहीत उत्तरे काढली, आणि साधारण पंचवीस मिनिटांनी परीक्षेच्या टॅबवर परत येऊन ती भरायला लागली. पुढचे प्रश्नही तिने वरचे घड्याळ बघत शांतपणे सोडवले. शेवटचे बावीस प्रश्न तिने शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवले होते. घड्याळात १९ मिनिटे ४० सेकंद शिल्लक दिसत असताना पान बंद झाले आणि ‘वेळ संपली’ अशी ओळ आली. ती माझ्याकडे आली. रागावली नव्हती, गोंधळली होती. “सर, घड्याळात एकोणीस मिनिटं होती ना? मग पेपर कसा संपला?”

चूक माझी होती, हे मी आधीच लिहून ठेवतो. माझे घड्याळ दर सेकंदाला वाजणाऱ्या टाइमरवर (ठरलेल्या अंतराने पानाचा कोड चालवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीवर) चालत होते. टाइमर एकदा वाजला की घड्याळातून एक सेकंद वजा. प्रत्यक्ष वेळ मात्र सर्व्हरवर मोजली जात होती. पान मागे गेल्यावर पहिली पाच मिनिटे टाइमर सेकंदाला एकदा वाजला. पुढची वीस मिनिटे तो मिनिटाला एकदाच वाजला. १,२०० सेकंदांऐवजी माझ्या पानाने २० सेकंद मोजले, आणि राहिलेले ११८० सेकंद म्हणजेच तिच्या डोळ्यांसमोरची ती १९ मिनिटे ४० सेकंद. टाइमरचे ठोके मोजायचे नसतात, संपण्याची वेळ धरून ठेवायची आणि दर वेळी घड्याळातून वजाबाकी करायची असते, हे मला माहीत असायला हवे होते. त्याच रात्री मी पान दुरुस्त केले आणि दुसऱ्या दिवशी तिची माफी मागितली.

पण मी ते पान २०१९ साली लिहिले, तेव्हा तपासूनही घेतले होते. टॅब मागे टाकून अर्धा तास थांबलो होतो आणि घड्याळ सेकंदाबरोबर चालले होते. मागे गेलेल्या टॅबला सेकंदाला एक ठोका, ही मर्यादा ब्राउझरांनी २०११ च्या सुमारास आणली आणि आम्ही सगळे तिला सरावलो होतो. जानेवारी २०२१ मध्ये एका मोठ्या ब्राउझरने पुढचे पाऊल टाकले. पान पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेले असेल तर टाइमर मिनिटाला एकदाच वाजेल, असे ठरले. वीज वाचवण्यासाठी हा निर्णय योग्य असेलही. तो मला कळला मात्र त्या मुलीच्या प्रश्नातून, दीड वर्षाने.

हा वेळ कापूच नका असे माझे म्हणणे नाही. उलट, आपण या क्षेत्रात जे काम केले आहे त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. २०११ च्या आधी पानावर काही हलवायचे म्हणजे आम्ही सेटइंटरव्हल (पुन्हा पुन्हा वाजणारा टाइमर) लावायचो, १० किंवा १५ मिलिसेकंदांचा काहीतरी अंदाज धरून. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. आमचा टाइमर त्याच्याशी कधीच जुळायचा नाही. कधी एकाच फ्रेमसाठी दोनदा चित्र काढायचे आणि एक फुकट जायचे, कधी फ्रेम चुकायची आणि चित्र अडखळायचे. टॅब मागे गेला तरी हे सगळे चालूच, लॅपटॉपचा पंखा फिरतो आहे आणि बघणारे कोणी नाही. मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ मध्ये मोझिलाने आपल्या नावाच्या उपसर्गासह रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम दिले. ब्राउझर चित्र रंगवायला निघेल तेव्हा तोच पानाला हाक मारेल, आणि पान दिसत नसेल तर मारणार नाही, इतकी साधी ती कल्पना होती. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१० साली नेमलेल्या वेब परफॉर्मन्स कार्यगटाने ती हाती घेतली. पान दिसते आहे की लपले आहे हे पानालाच कळावे, ही पेज व्हिजिबिलिटीची शिफारस २०१३ साली आली. या दोन गोष्टींनी जगातली किती वीज वाचली असेल याचा आकडा माझ्याकडे नाही. सहा पॉइंटांवर साठ फोन चार्ज होताना मात्र मी रोज बघतो, आणि तिथे वाचलेल्या प्रत्येक टक्क्याला किंमत आहे.

माझी तक्रार वेळ कापण्याच्या रीतीबद्दल आहे. ही कपात कुठे, किती, कोणत्या क्रमाने होते, हे मानकात, म्हणजे सर्व ब्राउझरांसाठीच्या सामाईक लेखी नियमांत, ठाम शब्दांत लिहिलेले नाही. ती प्रत्येक ब्राउझरात वेगळी आहे, आणि पानाला तिची आगाऊ सूचना मिळत नाही.

पहिला मुद्दा मानकाच्या भाषेचा. एचटीएमएल या वेब पानांच्या भाषेच्या मानकात टाइमरच्या पायऱ्या नीट दिलेल्या आहेत. टाइमर एकात एक पाच पातळ्यांहून खोल गेले की किमान ४ मिलिसेकंदांचे बंधन लागते, इतका बारीक तपशील तिथे आहे. पण त्याच पायऱ्यांमध्ये ब्राउझरला हवे तर स्वतःच्या मर्जीने आणखी काही वेळ थांबण्याची मुभा आहे, आणि त्या ‘आणखी काही’ला वरची मर्यादा नाही. वीज वाचवण्यासाठी ही मुभा ठेवली आहे हे मी समजू शकतो. पण या एका मोकळ्या जागेतून गेल्या पंधरा वर्षांत काय काय आत आले ते पाहा. आधी सेकंदाला एक ठोका. मग २०१७ साली एका ब्राउझरने मागच्या टॅबच्या टाइमरना प्रोसेसरच्या वेळेचा सुमारे एक टक्का एवढेच अंदाजपत्रक ठरवून दिले. मग मिनिटाला एक ठोका. आवाज चालू असलेल्या पानाला सवलत, थेट जोडणी उघडी असलेल्या पानाला काही ठिकाणी सवलत. यातले प्रत्येक पाऊल कुठे ना कुठे लिहिलेले सापडते, पण ते त्या त्या ब्राउझरच्या स्वतःच्या टिपणात असते. मानक उघडून एखाद्या नव्या मुलाने विचारले की “लपलेल्या पानाचा टाइमर जास्तीत जास्त किती उशिरा वाजेल?”, तर त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नाही.

नियम धूसर असले की लोक पळवाटा काढतात, आणि इथेही तेच झाले आहे. पान जागे राहावे म्हणून कानाला ऐकू न येणारा आवाज सतत वाजवत ठेवणे ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मी ती कधी वापरली नाही, पण वापरणाऱ्याला मी पूर्ण दोषही देऊ शकत नाही, कारण त्याला आपले घड्याळ चालू ठेवायचे होते आणि सरळ मार्ग कोणी दाखवलेला नव्हता. जी वीज वाचवण्यासाठी नियम केला, ती अशा रीतीने उलट खर्चच होते.

दुसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत गंभीर आहे, आणि तो मेमरीचा आहे.

मागच्या वर्षी नांदेडकडचा एक मुलगा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून एका भरतीचा अर्ज भरत होता. ३ जीबी रॅमचा फोन, काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. अर्ज सात पानांचा. वरच्या बाजूला एकामागून एक सरकणारी पाच चित्रे, खाली डावीकडे धावणारी सूचनांची पट्टी. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, नॉन-क्रीमीलेअरची तारीख, दहावीचे गुण, बारावीचे गुण असे एकेक तो दाखल्यांवर बोट ठेवून टाइप करत होता. पाचव्या पानावर फोटो मागितला. त्याने कॅमेरा उघडला, भिंतीसमोर उभे राहून फोटो काढला, परत ब्राउझरवर आला, आणि पान पहिल्यापासून उघडले. कोरे. त्याने काही न बोलता पुन्हा भरायला घेतले. या वेळी फोटो आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे तो सातव्या पानापर्यंत पोहोचला. तिथे ओटीपी आला, तो बघायला मेसेज उघडले, आणि परत येईपर्यंत पान पुन्हा गेले होते. तिसऱ्या खेपेस त्याने मला विचारले, “दादा, तुमच्या फोनवर माझा ओटीपी मागवता येईल का? म्हणजे मला इथून हलावं लागणार नाही.” तो अर्ज शेवटी आम्ही माझ्या फोनवरून भरला. ज्याच्या शेजारी असा दुसरा फोन नसतो, त्याने काय करायचे?

फोनची मेमरी कमी पडली की मागचे पान टाकून द्यावे लागते, हे मला कळते. ३ जीबीमध्ये कॅमेरा आणि जड पान एकत्र मावत नाहीत. पण टाकून देताना त्या पानाला काहीच कळवले जात नाही. पान लपले, ही व्हिजिबिलिटीची सूचना हाच फोनवर भरवशाचा शेवटचा क्षण असतो, त्यानंतर कोणती सूचना मिळेलच याची खात्री नसते. पान बंद होताना मिळणारी ‘अनलोड’ ही जुनी सूचना फोनवर विश्वास ठेवण्याजोगी नाही, हे आपणच वारंवार सांगितले आहे. पान गोठवले, पान टाकले, टाकलेले पान परत उघडले, या अवस्थांना नावे देऊन त्यांचा क्रम लावणारा पेज लाइफसायकलचा मसुदा २०१८ पासून समोर आहे. त्यातल्या काही सूचना एका घराण्याच्या ब्राउझरांत मिळतात, सगळीकडे मिळत नाहीत. परत उघडलेल्या पानात आधी भरलेले रकाने पुन्हा भरून द्यायचे की नाही, हेही ब्राउझरच्या मर्जीवर आहे. अर्ज लिहिणाऱ्याने काय गृहीत धरावे? तो काहीच गृहीत धरत नाही, कारण त्याने तो अर्ज १६ जीबीच्या संगणकावर लिहिलेला असतो आणि तिथे पान कधीच जात नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या मुलाने पान सोडलेले नव्हते. फोटो द्या असे पानानेच सांगितले म्हणून त्याने कॅमेरा उघडला, आणि ओटीपी टाका असे पानानेच सांगितले म्हणून मेसेज उघडले. आठवडाभर उघडा पडलेला बातम्यांचा टॅब आणि पानाच्या सांगण्यावरून अर्ध्या मिनिटासाठी बाजूला ठेवलेला अर्ज, या दोहोंत ब्राउझरने आणि त्याखालच्या फोनच्या यंत्रणेने फरक करायला हवा. मानकात या फरकाला नाव नाही, म्हणून तो कोणी करेलच याची हमी नाही.

तिसरा मुद्दा फ्रेमचा. रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम आले तेव्हा जवळजवळ सगळे पडदे ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा रंगणारे, होते. आज बारा-पंधरा हजारांच्या फोनलाही ९० किंवा १२० हर्ट्झचा पडदा येतो, आणि बॅटरी वाचवण्याचा पर्याय लावला की काही फोनांवर पानाला सेकंदाला ३० च हाका मिळतात. दर हाकेला पट्टी २ पिक्सेल सरकवणारे पान ६० हर्ट्झवर सेकंदाला १२० पिक्सेल सरकते, १२० हर्ट्झवर २४०, आणि बॅटरी वाचवताना ६०. इथेही बरोबर रीत कोणती हे मला ठाऊक आहे. हाकेबरोबर मिळालेली वेळ घ्यायची आणि मधल्या अंतरावरून हालचाल मोजायची. तरी पानाला दोन साध्या गोष्टी करता येत नाहीत. पडदा किती वेगाने रंगतो आहे हे त्याला थेट विचारता येत नाही, काही फ्रेम मोजून अंदाज करावा लागतो. आणि ‘मला सेकंदाला २० फ्रेम पुरेत’ असे त्याला सांगताही येत नाही. धावत्या सूचनेच्या पट्टीला १२० फ्रेमची गरज नाही. फिरत्या चक्राला नाही. परीक्षेच्या घड्याळाला तर सेकंदाला एक पुरे. पानाला काटकसर करायची इच्छा असूनही ब्राउझरला तसे सांगण्याचा शब्द मानकात नसावा, हे मला मोठे नुकसान वाटते.

रिकाम्या वेळेत करायच्या कामांसाठी २०१५ साली रिक्वेस्टआयडलकॉलबॅक आले, एका वेळी जास्तीत जास्त ५० मिलिसेकंदांची मुदत देणारे. कल्पना उत्तम होती, पण कित्येक वर्षे एका महत्त्वाच्या ब्राउझरात ते मुळात चालूच नव्हते, त्यामुळे आम्ही त्याची नक्कल टाइमरने करत राहिलो.

एक गोष्ट आपण फार चांगली केली आहे आणि ती मी मुद्दाम मांडतो, कारण तिच्यात पुढची वाट दिसते. माझ्या आईला चक्कर येण्याचा त्रास आहे. पान खाली सरकवताना मागचे चित्र वेगळ्या गतीने सरकले की ती फोन उलटा ठेवून डोळे मिटून बसते. हालचाल कमी हवी असे फोनच्या सेटिंगमध्ये एकदा सांगितले की ते प्रत्येक पानाला कळते, ही सोय २०१७ पासून ब्राउझरांत येत गेली. त्यात आईचा आजार कोणाला कळत नाही. कळते फक्त एक ‘हो’ किंवा ‘नाही’. बॅटरीची सोय मात्र नेमकी याच्या उलट होती. चार्ज किती टक्के, किती वेळ पुरेल, असे बारीक आकडे ती पानाला देत होती, त्यावरून माणसाचा माग काढता येतो हे लक्षात आले, आणि २०१७ साली फायरफॉक्सने ती पानांना देणे बंद केले. ते योग्यच झाले. मला मुलाच्या फोनचा टक्का नको आहे. ‘या माणसाला सध्या काटकसर हवी आहे’ एवढा एक शब्द हवा आहे. डेटा कमी वापरावा ही पसंती माध्यम-प्रश्नांच्या (पडदा कसा आहे आणि वापरणाऱ्याला काय हवे हे पानाला कळवणाऱ्या नियमांच्या) मसुद्यात लिहिलेली आहे, पण ती अजून आमच्या मुलांच्या फोनपर्यंत पोहोचलेली नाही.

शेवटचा मुद्दा चर्चेला कोण बसते याचा. प्रत्येक नवा मसुदा अपंग व्यक्तींना वापरता येतो का, जगातल्या भाषांना चालतो का, खासगीपणा आणि सुरक्षितता जपतो का, हे तपासून घेण्याची आपली पद्धत आहे आणि ती स्तुत्य आहे. पण हा मसुदा ३ जीबीच्या, तीन वर्षे जुन्या, बॅटरी उतरलेल्या फोनवर कसा वागेल, असा दाखला कोणी मागत नाही. आपली चर्चा खुली आहे, कोणीही प्रश्न नोंदवू शकतो, हे मला माहीत आहे आणि मी दोनदा नोंदवलेही आहेत. तरी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. त्या बैठकीला बसणे नोकरी करणाऱ्याला अवघड आहे. आणि ज्यांच्या फोनवर हे सगळे घडते त्यांना तर ही चर्चा चालू आहे याचाच पत्ता नाही.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. लपलेल्या पानाच्या टाइमरला जास्तीत जास्त किती उशीर होऊ शकतो याची मर्यादा मानकातच बंधनकारक शब्दांत लिहावी. सवलती कोणाला मिळतात याचा तक्ता तिथेच असावा. ती मर्यादा बदलायची असेल तर किमान सहा महिने आधी, सर्व ब्राउझरांनी मिळून, एकाच ठिकाणी जाहीर करावी. पान गोठवण्यापूर्वी आणि टाकण्यापूर्वी त्याला एक ठरलेली सूचना मिळावी आणि थोडी माहिती साठवण्यापुरता वेळ मिळावा. जिथे मेमरी अचानक संपल्याने ते शक्य नसेल, तिथे निदान पान परत उघडताना ‘तू टाकले गेले होतेस’ हे त्याला सर्व ब्राउझरांत सारखेच कळावे, आणि माणसाने स्वतः टाइप केलेले रकाने परत भरून द्यावेत, पासवर्ड आणि तत्सम गुप्त गोष्टी वगळून. पानाने स्वतः मागितलेल्या फोटोसाठी, फाइलसाठी किंवा ओटीपीसाठी माणूस बाहेर गेला असेल, तर ते पान टाकण्याच्या रांगेत सर्वांत शेवटी ठेवावे. पानाला पडद्याचा वेग विचारता यावा आणि आपल्याला पुरेसा असलेला कमी वेग मागता यावा. काटकसरीची एक ‘हो-नाही’ पसंती, हालचाल कमी करण्याच्या पसंतीसारखी, सर्व ब्राउझरांत यावी. आणि वेळ किंवा मेमरी यांना हात लावणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर केलेल्या चाचणीचा निकाल जोडणे सक्तीचे करावे.

हे पत्र वाचणाऱ्या माझ्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे, कारण मानक बदलायला वर्षे लागतील आणि अर्जांचा हंगाम दर वर्षी येतो. पान लपल्याची सूचना मिळताच भरलेली माहिती साठवा, ‘सबमिट’ची वाट बघू नका. घड्याळ ठोक्यांवर चालवू नका. सरकणारी चित्रे डावीकडून किती अंतरावर आहेत ते बदलून हलवू नका, ट्रान्सफॉर्मने (मांडणी न बदलता फक्त चित्र सरकवणाऱ्या सोयीने) हलवा, म्हणजे ब्राउझरला दर फ्रेमला सगळ्या पानाची मांडणी नव्याने करावी लागणार नाही. आणि अर्जाच्या पानावर ती चित्रे खरोखर हवीत का, हे एकदा मागणी करणाऱ्या साहेबांना विचारून बघा. मी विचारले आहे. दोनदा ‘नको’ असे उत्तर मिळाले.

आपल्यापैकी कोणाला तपासून बघायचे असेल तर माझ्या परीक्षेच्या पानाची २०१९ ची आणि २०२२ ची अशी दोन्ही रूपे मी द्यायला तयार आहे. अभ्यासिकेतल्या पाच मुलांनी आपले फोन चाचणीसाठी द्यायचे कबूल केले आहे. त्यातले तीन ३ जीबीचे आहेत, एक २ जीबीचा आहे, आणि एकाचा पडदा ९० हर्ट्झचा आहे. मात्र ते त्यांचे एकमेव फोन आहेत, त्यामुळे चाचणी रविवारी सकाळी सात ते दहा या वेळेतच करता येईल, त्यानंतर त्यांचा सराव पेपर असतो. आपण दिवस कळवावा, मी चार्जिंगचे दोन पॉइंट राखून ठेवीन.

आपला नम्र,
सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचे सराव परीक्षेचे पान लिहिणारा
पुणे